बॉट लगेच विरघळतो, लोकलमधल्या काकू नाही

सॉफ्ट स्किल्ससाठी विद्यार्थ्यांना एआय जोडीदारासोबत लुटुपुटूच्या मुलाखती, वाद करायला द्यावेत, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. आमची लेक ऐरोलीला इंजिनिअरिंगला. ग्रुप डिस्कशन म्हटलं की घसा कोरडा. महिनाभर मोबाईलवरच्या बॉटला 'चिडका ग्राहक हो' सांगून सराव केला, बोलताना 'अ‍ॅक्च्युअली' म्हणणं १४ वेळांवरून ३ वर आलं (मीच मोजत होते!). पण बॉट दोन वाक्यांत विरघळतो, 'तुमचं बरोबर आहे' म्हणतो. १९६६ची एलायझा (गप्पा मारणारा जुना संगणक प्रोग्रॅम) सुद्धा आपलंच वाक्य प्रश्न करून परत द्यायची. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळावी म्हणून लेकीला कडेच्या काकूंना 'जरा सरकता का?' एवढंच विचारायचं होतं, तर आमच्या बाईसाहेब तुर्भ्यापर्यंत उभ्याच! निदान त्या बॉटला समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायला तरी शिकवा.