पाच गुणांचा चिकित्सक विचार

बडोद्याहून भाच्याचा फोन आला. दांडिया बाजारातल्या घरी जेवता जेवता वाद पेटला होता: कॉलेजच्या पहिल्या वर्षाला 'चिकित्सक विचार', म्हणजे क्रिटिकल थिंकिंग, हा वेगळा पेपर हवा का? २०२० च्या शैक्षणिक धोरणात हा शब्द आहे, म्हणून त्याच्या कॉलेजात विषय आला. परीक्षेत प्रश्न: 'चिकित्सक विचाराची पाच वैशिष्ट्ये लिहा.' त्यानं पाचही पाठ करून लिहिली. माझा दादा म्हणतो, आपल्याकडे सगळी घोकंपट्टी, विचार करायला शिकावं ते अमेरिकेत.

मी कनेक्टिकटमध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना माहिती पारखायला शिकवते. दादा, इथेही घोकंपट्टीच होती रे! आम्ही यादी वाटायचो: मजकूर ताजा आहे का, लेखक कोण, संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'ऑर्ग' आहे का. मुलं इमानेइतबारे खुणा करायची आणि फसायची. 'ऑर्ग' काय, पैसे भरले की कोणालाही मिळतं.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी संकेतस्थळं पारखायला बसवून पाहिले. देखण्या संकेतस्थळांना विद्यार्थी तर भुललेच, पीएचडी झालेले काही इतिहासकारही भुलले. तपासनीस ते पान वाचत बसलेच नाहीत. दुसरी खिडकी उघडून ही मंडळी कोण, इतर लोक त्यांच्याबद्दल काय म्हणतात, ते आधी पाहिलं.

आजी हे ऐकून हसली असती. स्थळ सांगून आलं की बायोडेटा बाजूला ठेवून ती रावपुऱ्यात दोन घरी चहा पिऊन यायची.

आमची खरी अडचण वेगळी. अप्पाकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकलं, युनेस्कोनं 'जन गण मन' जगात सर्वोत्तम ठरवलं. भाच्यानं शोधलं, तर ही जुनीच थाप निघाली, पण थोरांना उलट कसं विचारायचं? माझे इथले विद्यार्थी मात्र बिनधास्त म्हणतात, 'सगळेच विकले गेलेत', आणि शोधायचे कष्टच घेत नाहीत. मला हे जास्त भयंकर वाटतं. भाच्यानं निदान शोधलं तरी होतं.

म्हणून मला तो पेपर नकोच. इतिहासाच्या किंवा रसायनाच्या तासाला ग्रंथपालाला बोलवा, समोर खराखुरा फॉरवर्ड ठेवा. बडोद्याला ग्रंथपालाचं मोल नव्यानं सांगायला नको. ग्रंथालयं उभारायला सयाजीरावांनी १९१० मध्ये बोलावलेले विल्यम बॉर्डन इथल्याच न्यू हेवनचे ग्रंथपाल.

भाच्याला म्हटलं, अप्पाआजोबांना सांग ना मग, ते खोटं आहे म्हणून.

"तू सांग की, आत्या. तू मोठी आहेस."

तीन दिवस झाले. ग्रुपवर मी अजून नुसता नमस्काराचा हातच टाकलाय.