भरदुपारी पौष महिना

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात दुपारी 2 वाजता कुत्रंही सावली सोडत नाही. पारा 44 अंशांवर. अशा वेळी मी आमच्या अंगणात घोंगडी पांघरून, कानाला मफलर गुंडाळून, पेटल्या शेकोटीपुढं कुडकुडत बसलो होतो. रस्त्यानं जाणारे थांबून पाहत होते. त्यातल्या एकानं घरात जाऊन आमच्या हिला हळूच विचारलं, "वहिनी, भाऊले ऊन लागलं का?"

भाऊले ऊन नव्हतं लागलं. भाऊले भाचा लागला होता.

भाचा नागपूरला शिकतो. नेमकं काय शिकतो हे माझ्या बहिणीलाही धड सांगता येत नाही, पण त्यात शेवटी 'मीडिया' येतं. एरवी उन्हाळ्यात आंबे खायला यायचा, यंदा 20 मिनिटांची फिल्म करायला आला. सामग्री म्हणजे एक मोबाईल आणि एक तिपाई. भांडवल म्हणजे आईनं परतीच्या एसटीसाठी दिलेले पैसे. आणि गोष्ट काय, तर पौषातली रात्र, अवकाळी पाऊस, पोलिसांची जीप, एक खून आणि मयतीला लोटलेलं अख्खं गाव.

मी म्हटलं, "बापू, एवढ्या पैशात फार तं खून होईल."

"मामा, खून स्वस्तच असते. रात्र महाग पडते."

हे मात्र त्याचं खरं निघालं. खऱ्या रात्री शूटिंग करायचं तर मोठे दिवे लागतात, दिव्यांना लाईन लागते, आणि आमच्याकडं रात्रीची लाईन येते ती शेतातल्या मोटारीसाठी. म्हणून त्यानं रात्र दिवसा उरकायची ठरवली. त्याची रीत अशी. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यानं घ्यायचा उजेड, दोनेक स्टॉप खाली ओढायचं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनवर ठेवायचा, म्हणजे मोबाईलची समजूत होते की आपण पिवळ्या बल्बखाली आहोत, आणि तो बिचारा सगळं निळं करून टाकतो. सूर्य नटाच्या पाठीशी घ्यायचा, की खांद्याची जी कड उजळते तिला चांदणं म्हणायचं. आभाळ फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, कारण त्याची काही केल्या रात्र होत नाही. हॉलिवूडनं जुन्या काळी कितीतरी रात्री अशाच भरदिवसा काढल्या, इतक्या की फ्रेंच लोक या युक्तीला 'अमेरिकन रात्र' म्हणतात. रात्र अमेरिकन असेल, घोंगडी अस्सल वऱ्हाडी होती.

त्यात शेकोटीनं घात केला. उन्हात शेकोटीचा उजेड तोंडावर पडतच नाही. मग मामीचा आरसा आला. त्यावर ऊन घेऊन ते नारंगी जिलेटीन कागदातून माझ्या तोंडावर हलवत ठेवायचं, म्हणजे ज्वाळा नाचल्यासारख्या दिसतात. एक सूर्य पाठीवर, दुसरा तोंडावर, खाली विस्तव, आणि मध्ये मी, थंडीनं कुडकुडत.

"कट! मामा, पौषात घाम येते का?"

"पौषात नाही येत. मेमध्ये येते."

पाऊस सोपा जाईल असं मला वाटलं होतं, कारण घरात फवारणीचा पंप आहे. पण पंपातून पडतं ते धुकं. थेंब पाहिजे तर झारी, आणि झारी म्हटलं की पाणी. गावात टँकर सुरू. इथं भाच्यानं पुन्हा डोकं लढवलं: पाऊस अंगणभर पाडायचाच नाही, कॅमेऱ्याच्या पुढ्यात हातभर पट्टीत पाडायचा. मागून उजेड असला तर तेवढाच पाऊस शिवारभर वाटतो. उजेड पुढून पडला तर मात्र कितीही ओता, थेंब दिसत नाही. तरी गुंडभर पाणी लागणारच होतं. ते पाहून शेजारची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमी पान्यासाठी रांगेत, अन् इथं पाऊस पाडून ऱ्हायले!" शेवटी आमच्या हिनं तोडगा काढला. पाऊस पडेल, पण तिच्या भेंडीच्या वाफ्यावर पडेल. त्यामुळे गोठ्यात लिहिलेला खून भेंडीत झाला.

मेलेला अर्थात मीच. रक्त घरीच शिजवलं: साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि फार भडक दिसू नये म्हणून चिमूटभर कॉफी. हिचकॉक नावाच्या दिग्दर्शकानं 1960 च्या 'सायको'मध्ये न्हाणीघरातल्या खुनाला चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, असं भाच्यानं माझ्या शर्टावर पाक ओतत सांगितलं. त्याचं चित्र कृष्णधवल होतं, म्हणून चाललं. शिवाय त्याच्या न्हाणीघरात मुंगळे नव्हते. आमच्या भेंडीत होते. पहिला मुंगळा कॉलरवर आला तेव्हा मी कलेसाठी गप्प राहिलो. मग त्यानं घरच्यांना बोलावलं.

"मामा, प्रेत हाललं!"

"प्रेताले मुंगळा चावला बे!"

यावर कोणताही माणूस धावून आला असता. भाचा धावून आला तो कॅमेरा घेऊन. मुंगळ्यांचा क्लोजअप त्याला फुकटात मिळाला होता. "हलू नका मामा, हे कॉम्प्युटरवर सीजीआयनं करायले लाखो लागते."

जीपची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शेजारच्या वाड्यात एक जीप विटांवर उभी आहे. चाकं नाहीत, इंजिन नाही, मागच्या सीटवर कोंबडी अंडी देते. भाच्यानं त्याच जीपमधून भरधाव पाठलाग दाखवला. मागच्या बंपरखाली बल्ली घालून दोन पोट्टे ती वरखाली हलवायचे. खिडकीबाहेरून चार पोट्टे पळसाच्या फांद्या घेऊन मागच्या बाजूला पळायचे, म्हणजे आतून वाटतं झाडं मागं पडताहेत. एकजण अधूनमधून बॅटरीचा उजेड काचेवरून फिरवायचा, ते समोरून येणारं वाहन. कॅमेरा आत, आमच्या तोंडाशी. माझ्या शेजारी हवालदार म्हणून आबाजी बसले होते. (मेलेला मीच आणि इन्स्पेक्टरही मीच. मिशीला पीळ दिला की माणूस बदलतो, असं दिग्दर्शकाचं मत.) धक्के इतके खरे होते की आबाजींनी दांडी घट्ट धरली. एका पोट्ट्यानं मात्र घोटाळा केला. मागं पोचल्यावर वळसा घालून यायचं सोडून तो फांदीसकट खिडकीसमोरूनच परत आला. पडद्यावर पळसाचं एक झाड आमच्या जीपला ओव्हरटेक करून जातं. शॉट संपल्यावर आबाजींनी कपाळाचा घाम पुसला अन् विचारलं, "कुठवर आलो?"

मयतीचं सांगून टाकतो. माणसं बारा. मोबाईल तिपाईवर पक्का बसवायचा, बारा माणसं निंबाच्या डावीकडं उभी करायची, मग तीच शेले-टोप्या बदलून उजवीकडं, आणि निंबाच्या खोडावर दोन्ही चित्रं जोडायची. सांधा खोडात लपतो. फक्त खोड ओलांडायचं नाही. एकानं तंबाखू थुंकायला ओलांडलं. तो निंबामागं जातो आणि दुसऱ्या बाजूनं निघतच नाही. देवळाच्या भिंतीवर फिल्म दाखवली तेव्हा त्याची बायको घाबरून म्हणाली, "अवं, हे कुठी गेले?"

खून झालेल्याच्या विधवेचं काम करायला कोणी बाई तयार होईना. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांचीही हीच अडचण होती. त्यांची तारामती अण्णा साळुंके झाले, आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. एवढा इतिहास सांगून भाच्यानं मामीचं लुगडं माझ्या हातात दिलं. मी मिशीकडं बोट दाखवलं. "पाठमोरे बसा मामा, पाठीले मिशा नसते." म्हणजे ज्याच्यासाठी मी रडलो तोही मीच होतो.

माझ्या अभिनयाची गावात फार वाखाणणी झाली. शेवटी इन्स्पेक्टर प्रेताकडं पाहतो, त्याच्या नजरेतलं दुःख पाहून दोन बायकांनी पदर डोळ्याला लावला. त्या वेळी मी सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगाकडं पाहत होतो आणि लाईन किती वाजता येते याचा विचार करत होतो. भाच्यानंच बजावलं होतं, "मामा, ॲक्टिंग अजिबात नाही करायची. नुसतं पाह्यचं." कुलेशोव्ह नावाच्या रशियन माणसानं शंभरेक वर्षांपूर्वी हे ताडलं होतं. नटाच्या एकाच कोऱ्या चेहऱ्यापुढं कधी सूपाची ताटली जोडली, कधी शवपेटी. ताटली पाहून लोकांना तो भुकेला वाटला, पेटी पाहून शोकात बुडालेला. माझ्यापुढं प्रेत जोडलं होतं, तेही माझंच.

भाच्याला वाटलं होतं गाव या करामतींनी थक्क होईल. गावानं फिल्म पाहिली, शिट्ट्या मारल्या, पण करामतींचं त्याला विशेष काही वाटलं नाही. पाहुणे पोरगी पाहायला येतात तेव्हा आमच्याकडं घराची फक्त रस्त्याकडची भिंत रंगते आणि सोफा चार घरं फिरून येतो. पाहणीला साहेब आले की त्याच दहा शेळ्या या गोठ्यातून त्या गोठ्यात त्यांच्याआधी पोचतात. अशा लोकांना निंबाच्या खोडातला सांधा काय शिकवायचा?

एका पुढाऱ्यांना मात्र तांत्रिक शंका होती. फिल्म संपल्यावर त्यांनी भाच्याला बाजूला घेतलं. गावठाणाच्या कडेला वृक्षारोपण झालेलं होतं. खड्डे भरपूर होते, झाडं वितभर होती, तीही पुढच्याच रांगेत. "फोटोत जंगल दिसन का?"

"दिसते की. कॅमेरा जमिनीशी टेकवा. झाड भिंगाजवळ, माणसं पार लांब. वितभर झाड माणसाच्या डोक्यावर जाते."

पुढाऱ्यांनी मान हलवली. "अन् साहेब सोताच आले तं?"

"मंग साहेबाले कॅमेऱ्याच्याच जागी बसवा. तिथून हलू नका देऊ."

भाचा माझ्याकडून एसटीचं भाडं घेऊन नागपूरला गेला. गावठाणाच्या कडेला आता जमिनीवर चुन्याची एक फुली मारलेली आहे, आणि फुलीवर पाय कापून बुटकी केलेली एक खुर्ची.