जपानची फरशी आणि आपली मोटर

सकाळपासून तीन ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. जपानमधली दुसरी-तिसरीची पोरं ओळीनं फरशी पुसतायत, एकमेकांना जेवण वाढतायत. खाली कुणीतरी लिहिलंय, ‘याला निधी लागत नाही, संस्कार लागतात.’ त्यावर नुसते अंगठे आणि जोडलेले हात.

निधी लागत नाही? अहो, पोरं फडकी पिळतात तिथं मागं नळांची रांग आहे, ती बघा की!

अक्कलकोट तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत (नाव लिहीत नाही, उगाच गुरुजींना नोटीस निघायची) जूनमध्ये बोअरची मोटर जळली. पट ३८, शिक्षक दोन. पाणी नाही म्हणून शौचालयाला कुलूप. आता यात संस्कार कुठं बसवता तेवढं सांगा.

मोटर वर काढायची मजुरी, रिवाइंडिंग, फुटलेला पाइप, सगळं धरून सहा-सात हजार. केंद्र-राज्याच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान या पटाला वर्षाला २५ हजार, म्हणजे पोरामागं ६५८ रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला. राहिलेल्यात लाइट बिल, खडू, रजिस्टरं, रंग, उडालेला पत्रा. बरं, हे पैसे जूनमध्ये कुठले यायला? हप्त्यानं येतात, बऱ्याचदा थंडी सरताना, आणि ३१ मार्चच्या आत संपवायचे, नाही तर परत. तोवर मुख्याध्यापकाचा खिसा.

आता टक्केवारीवाल्यांसाठी. देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं कोठारी आयोगानं १९६६ साली सांगितलं, २०२० च्या धोरणानं तेच पुन्हा लिहिलं. आपण चार-साडेचारच्या आसपास घुटमळतोय. आणि जपान? तीन-साडेतीन! लगेच टाळ्या वाजवू नका. तिथलं माणशी उत्पन्न आपल्या बारा-तेरा पट, आणि शंभर माणसांत १४ वर्षांपर्यंतची मुलं अकरा-बारा. आपल्याकडं पंचवीस. मोठी भाकरी, खाणारे निम्मे. पोराच्या ताटात काय पडतं ते मोजा, टक्के कसले मोजता? आपल्याकडं वस्तू, मजुरी स्वस्त आहे, हे खरं. पण मोटरची तांब्याची तार अक्कलकोटात काही वेगळ्या भावानं मिळत नाही.

तिथं प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा एक तृतीयांश केंद्र देतं, बाकीचा प्रांत. इमारत, पाणी, दुरुस्ती नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात. गाव गरीब असलं तर केंद्र कराच्या वाट्यातून भर घालतं. आडवळणाच्या शाळांसाठी १९५४ पासून वेगळा कायदा आहे, तिथल्या शिक्षकांना भत्ता आहे. तिथले शिक्षक कामानं पिचलेत, तेही मान्य.

जेवणाचंही ऐका. जपानात स्वयंपाकघर आणि माणसांचा खर्च पालिकेचा, जिन्नसाचे पैसे पालक देत आलेत. बऱ्याच गावांनी आता तेही माफ केलेत. आपल्याकडं पोराला सगळंच फुकट, यात आपण उजवे. पण १ मे २०२५ पासूनचा दर काय, तर प्राथमिकच्या पोरामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तांदूळ वेगळा येतो. डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. म्हणजे त्या ३८ पोरांना दिवसाला पाऊण किलो डाळ, दोन किलोला थोडी कमी भाजी, १९० ग्रॅम तेल. रोजचे २५८ रुपये, त्यातच जळण. आणि मोटर जळाली तेव्हा या स्वयंपाकाचं पाणी मदतनीस बाईंनी डोक्यावरून आणलं, बरं का.

काही शाळांत गुरुजीच अकराला उगवतात, आहे, नाकारत नाही. पण २०२० मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना जागतिक पुरस्कार मिळाला तेव्हा झेडपी शाळा आपल्या होत्या की. डीपीसुद्धा बदलले होते सगळ्यांनी.

चिडून लिहिलं जरा. व्हिडिओ टाकणारेही आपलेच, मनानं वाईट नाहीत. त्या वस्तीवरची पोरंही रोज सकाळी अंगण झाडतात, लिंबाचा पाला गोळा करतात. त्यांचा व्हिडिओ कोण काढतो?

मोटर शेवटी बसली. गावातल्या वायरमननं मजुरीसुद्धा पूर्ण घेतली नाही. बिल मात्र त्यानं साध्या पावतीवर दिलं. त्यावर शेरा आलाय, तीन दरपत्रके व जीएसटी बिल जोडावे.