नॉट ओके

‘जरा टेस्ट करून पाठवत जा.’ सकाळी सकाळी सरांचं हे उत्तर वाचलं आणि चहा कडू झाला. टेस्ट केल्याशिवाय पाठवायला मी काय हौसेनं बसलोय इथे?

पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, लिनक्स कर्नेलच्या (लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याच्या) नेटवर्किंगमधला, चार ओळींचा. माझ्याकडे कर्नेलच्या स्वतःच्या चाचण्या, म्हणजे सेल्फटेस्ट, सगळ्या पास, पुण्यातल्या सरांकडे ‘नॉट ओके’ची रांग. म्हटलं, तुमची कॉन्फिग फाइल पाठवता का? उत्तर आलं, ‘डिफॉल्टच आहे.’ या फाइलमध्ये कर्नेल बनवताना निवडायचे हजारो पर्याय, बहुतेकांपुढे वाय, एम नाहीतर ‘नॉट सेट’. यात डिफॉल्ट म्हणजे कोणाचं? पुन्हा मागितली, तर स्क्रीनशॉट आला! हजारो ओळींपैकी दिसत होत्या जेमतेम वीस-पंचवीस, त्यातल्या निम्म्यांवर मीटिंगची सूचना येऊन बसलेली.

तेवढ्यात वरचे काका आले. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त. हयातीचा दाखला मोबाइलवरून काढायचा होता आणि ॲपला त्यांचा चेहरा पटत नव्हता.

‘पापण्या मिटा म्हणतंय. कालपासून मिटतोय. शेवटी हिनं विचारलं, कोणाला डोळा मारताय?’

मोबाइल माझ्या हातात देऊन काका माझ्याच खुर्चीत बसले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘हे काय रे?’

‘नापास झालंय.’

‘तू?’

‘मी नाही. त्यांच्याकडची टेस्ट.’

‘मग तू का बसलायस?’

या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याही कंपनीला देता आलेलं नाही.

‘कागद तोच?’

‘सोर्स कोड तोच, काका.’

‘शाई?’

‘कंपायलरही तोच.’

‘म्हणजे मशीनची मांडणी वेगळी. बघ की त्यांची!’

‘दाखवत नाहीत.’

‘दाखवत नाहीत?’ काका उभेच राहिले. ‘अरे, आमच्याकडे रंग केसभर सरकला तरी अख्खा ताव बाजूला! अन् आधी मशीन बघायचे, मग माणूस!’ तिथून गाडी सुपरवायझरवर, तिथून पेन्शनवर, मग लोणच्याच्या वाढलेल्या भावावर आणि शेवटी पुतण्याच्या द्राक्षबागेवर गेली. पुतण्याला मुलगी बघायची आहे. माझ्या ऑफिसात कोणी आहे का?

फाइल दुपारी आली. दोन कॉन्फिगमधला फरक दाखवणारी, कर्नेलसोबतच येणारी डिफकॉन्फिग ही स्क्रिप्ट चालवली. फरकांच्या ढिगाऱ्यात एक ओळ: वेथ, वाय ते एम. वेथ म्हणजे आभासी नेटवर्क कार्डांची जोडी. माझ्याकडे ती कर्नेलच्या आतच (वाय), त्यांच्याकडे वेगळं मॉड्यूल (एम), म्हणजे लागेल तेव्हा जोडायचा तुकडा. आणि सरांनी नवा कर्नेल व्हर्च्युअल मशीनमध्ये चढवला, पण मॉड्यूल्स टाकलीच नाहीत. टेस्ट पहिल्याच पायरीला ही जोडी बनवते. ती बनेना, म्हणून पुढचं सगळं आडवं. अशा वेळी ‘स्किप’ म्हणायची सोय आहे, त्यासाठी चार हा एक्झिट कोड, म्हणजे टेस्ट संपताना द्यायचा आकडा, राखून ठेवलाय. पण ही टेस्ट लिहिणाऱ्याला तेवढीही सवड नव्हती. बरं, नेटवर्किंगच्या टेस्टच्या फोल्डरमध्येच कोणते पर्याय लागतात त्याची कॉन्फिग फाइल पडलेली असते. ‘मेक केसेल्फटेस्ट-मर्ज’ म्हटलं की हे पर्याय आपल्या कॉन्फिगमध्ये मिसळतात. पण वाचायचं कोणी? ज्युनियरला झापणं त्यापेक्षा झटपट होतं.

सगळं अगदी सौम्य भाषेत लिहून पाठवलं. उत्तर आलं: ‘एन्व्हायर्नमेंट इश्यू. रिझॉल्व्ड.’

काका अजून तिथेच. ‘म्हणजे चूक कोणाची ठरली?’

‘वातावरणाची.’

‘वा! बढती मिळेल त्यांना,’ काका म्हणाले आणि मोबाइल पुन्हा चेहऱ्यासमोर धरून जोरजोरात पापण्या मिटू लागले.