किल्ली कुणाकडे?

निफाड तालुक्यातल्या आमच्या छोट्या स्टेशनच्या जुन्या इमारतीवरून घरच्या ग्रुपवर आठवडाभर रण पेटलंय. भाचा म्हणतो, सिंहस्थ तोंडावर आलाय, पाडा आणि नवं बांधा. देवळाली, लासलगावचं रेल्वेच्या ‘अमृत भारत’ स्टेशन योजनेत रूप पालटलंच ना? मी म्हटलं, इंग्लंडात लीड्सकडच्या लाइनवर केलं तशी डागडुजी करून गावाला द्या. अभ्यासिका होईल, बचतगटाला एक खोली मिळेल. त्यावर जेलरोडच्या मामांचा शेरा : “तुझं लीड्स तुझ्यापाशी. इथे लोकांच्या हाती दिलं की आठ दिवसांत पिचकाऱ्या.”

लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणाऱ्या लाइनवरची बहुतेक छोटी स्टेशनं 1970 मध्ये बंद झाली. पुढे अख्खी लाइनच मोडीत निघणार होती. लोक भांडले आणि 1989 मध्ये ती वाचली. आज तिथल्या रिबलहेड स्टेशनची इमारत एका ट्रस्टकडे दीर्घ भाडेपट्ट्याने आहे. सेटलची सिग्नल केबिन हौशी मंडळींनी दुरुस्त केली, शनिवारी ती लोकांसाठी उघडतात. (म्हणून इंग्रज जन्मजात वारसाप्रेमी समजू नका. लंडनच्या युस्टन स्टेशनची भव्य कमान 1961 मध्ये त्यांनीच पाडायला घेतली.)

पण माझ्याच बाजूतली एक मेख सांगतो. तिथे इमारतींच्या आधी गाड्या परतल्या. 1975 पासून सुट्टीच्या दिवशी सहलीच्या गाड्या थांबू लागल्या, 1986 मध्ये आठ स्टेशनं पुन्हा नियमित सुरू झाली. आमच्याकडे मेल-एक्स्प्रेस धडधडत निघून जातात. पॅसेंजरचा थांबा न मागता नुसता रंग मागितला, तर कुलूप लागलेलं आणखी एक समाजमंदिर तयार होईल. आणि टेंडर काढून जास्त भाडं देणाऱ्यालाच जागा द्यायची असेल, तर बचतगटाने नाव घ्यायलाच नको.

राहिल्या पिचकाऱ्या. मामा, तुम्ही वीस वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचे पासधारक. त्याच गाडीत पासधारकांनी ‘आदर्श डबा’ चालवून दाखवला ना? डबा रेल्वेचा, शिस्त तुमची. असंच मी ग्रुपवर लिहिलं.

रात्री उत्तर आलं : “डब्यात सगळे ओळखीचे होते रे.”

गावात तरी दुसरं कोण असतं, मामा?