मुंग्या आल्या म्हणजे नस मोकळी झाली? कोणी सांगितलं?

‘कॉम्प्युटरवाल्यांनो, सावधान’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात म्हटलंय: टायपिंगमुळे मनगटाची नस दबते. सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटं उलटा नमस्कार करा, मुंग्या आल्या की नस मोकळी होतेय असं समजा. मधूनमधून हात थांबवा. बी-६ची गोळी रोज घ्या, तांब्याचं कडं घाला. डॉक्टरकडे जाऊ नका, ते थेट ऑपरेशनच सांगतात. खाली एका महागड्या माउसची लिंक.

आमच्याकडे तो मामांनी टाकला आणि नागपूरच्या मिहानमध्ये दिवसभर डेटा एंट्री करणारी माझी धाकटी बहीण तो इमानदारीने पाळायला लागली. आधी रात्री हात झटकत उठायची, आता दिवसाही झटकते. मामांनी राग मानू नये, पण हे लिहिणं भाग आहे.

तो उलटा नमस्कार म्हणजे पंजे मागच्या बाजूने एकमेकांना टेकवायचे, बोटं जमिनीकडे, मनगटं पूर्ण वाकवलेली. अहो, ही तर तपासणी आहे, बाप्पा! फालेन नावाच्या अमेरिकी सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. डॉक्टर मिनिटभर हात असे धरायला लावतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या आल्या, तर मनगटातली मीडियन नस दबत असल्याचा, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमचा, संशय बळावतो. मनगट वाकलं की ती नस जिथून जाते त्या अरुंद बोगद्यातला दाब वाढतो, मुंग्या त्याच्याच. म्हणजे ज्याने नस दबते तेच दिवसातून दोनदा करायचं आणि हात बधिर झाला की खूश व्हायचं! दुखऱ्या दाताने सुपारी फोडण्यातला हा प्रकार. रात्री बांधायला जी पट्टी देतात तिचं काम बरोबर याच्या उलट आहे: झोपेत मनगट वाकू द्यायचं नाही.

बी-६ तर आणखी वाईट. मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर हे जीवनसत्त्व स्वतःच नसांना इजा करतं, हातपाय बधिर होतात. मग आजार कोणता अन् गोळीचा प्रताप कोणता, हे शोधत बसा.

‘डॉक्टर थेट ऑपरेशनच सांगतात’ हेही खोटं. त्रास सौम्य असेल तर आधी रात्रीची पट्टी, कामात बदल, गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. ऑपरेशनचा विषय निघतो तो यांनी भागलं नाही, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग सुकायला लागला, हातातून वस्तू सुटायला लागल्या तेव्हा. आणि तेव्हा उशीर महागात पडतो. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, कुठेही दाखवा. जाताना मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात ते लिहून न्या. फक्त करंगळीत येत असतील तर नस वेगळी, ती बहुधा कोपरापाशी दबते. शुगर आणि थायरॉइड तपासायला सांगितलं तर कुरकुर करू नका, त्या दोन्हींमुळेही हा त्रास होतो.

कॉम्प्युटरचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण अर्धाच. २००३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कमधला अभ्यास आला होता, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या हजारो तांत्रिक कर्मचाऱ्यांचा, वर्षभर पाठपुरावा करून. त्यात कीबोर्डशी या आजाराचा संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत मात्र मुंग्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. अर्थात मनगट, मान, खांदा दुखण्याची इतर कारणं कॉम्प्युटरवर भरपूर आहेत, त्यांना सरसकट ‘नस दबली’ म्हणू नका. मधूनमधून हात थांबवा, हे मेसेजमधलं एकमेव वाक्य मला पटलं.

कडं हौस म्हणून घाला, सैल असलं तर नुकसान नाही. लिंकवरचा माउस घेण्याआधी घरचाच माउस कीबोर्डच्या जवळ ओढून बघा, कोपर टेकेल असा.