मांजराचा कॅरिअर जूनमध्येच खाली काढा

हरिकेनमुळे (अमेरिकेकडच्या चक्रीवादळामुळे) घर सोडावं लागलं तर पाळीव प्राण्यासाठी काय न्यावं, यावरच्या लेखात खाणं-पाणी, औषधं, लसीकरणाचे कागद अशी यादी दिली आहे, ती ठीकच. पण मांजर पाळणाऱ्यांची खरी पंचाईत वेगळीच असते. घर सोडायची वेळ येते तेव्हा मांजर सापडतच नाही! घरात धावपळ सुरू झाली की ते पलंगाखाली पार भिंतीला चिकटून बसतं आणि हात घातला की ओरबाडतं. आमचा एकदा अर्धा तास त्यातच गेला. तेव्हापासून १ जूनला हरिकेनचा मोसम सुरू झाला की कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायचा पिंजरा, माळ्यावरून खाली येतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत दार उघडं ठेवून हॉलमध्येच असतो. आत एक जुनी चादर. आता बाईसाहेब दुपारची झोप तिथेच काढतात.

ओळख पटावी म्हणून मांजराच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपबद्दल एक राहिलं. चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो, तुमचा फोन नंबर नोंदणीच्या यादीत असतो. तो बदलला असेल तर चिप असून नसल्यासारखीच.

२००५ च्या कत्रिना हरिकेननंतर २००६ साली अमेरिकेत पेट्स कायदा झाला, त्यामुळे कुठल्याही निवाऱ्यात प्राणी घेतातच असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आपत्तीच्या नियोजनात पाळीव प्राण्यांचा विचार राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनाने करावा, असं त्यात आहे. आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) कुठे घेतात ते आत्ताच फोन करून विचारा, आणि कॅरिअर आपलाच न्यावा लागतो का तेही.